गेजमामांच्या शिव्या

गेजमामा शांत स्वभावाचे होते, असं शोकसभेत तिघांनी सांगितलं. एकानं तर 'त्यांच्या तोंडून कधी वावगा शब्द ऐकला नाही' असंही ठोकून दिलं. मी मागच्या खुर्चीवर बसून दातओठ खात होतो. गेजमामा आणि शांत! गिटार दुरुस्तीला घेतली की हा माणूस पहिल्या मिनिटाला तुम्हाला गाढव म्हणायचा, दुसऱ्याला बैल आणि तिसऱ्याला मुडदा. "शिवी दिल्याबिगर फाईल चालत नाय, लेका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि त्यांची फाईल, म्हणजे कानस, फार सुरेख चालायची.

राहायचे बजाजनगरात, पत्र्याच्या दोन खोल्यांत. घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. आयटीआय करून कारखान्याच्या टूलरूममध्ये लागलेले हे घरातले पहिलेच. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी फीलर गेज असायचं, म्हणजे बारीक फटी मोजायच्या, चाकूसारख्या उघडणाऱ्या पातळ पोलादी पात्यांचा जुडगा. त्यावरूनच ते गेजमामा झाले. गिटार त्यांना वाजवता यायची नाही. कारखान्याच्या गणेशोत्सवात एकदा कुणाच्या तरी गिटारीची तार खरखरत होती. मामा थेट स्टेजवर चढले, तारेखाली एक पातं सरकवलं आणि "ही पट्टी उभी ऱ्हायली," म्हणून मानेवरच्या एका वर आलेल्या धातूच्या पट्टीवर बोट ठेवलं. तेव्हापासून शहरातल्या गिटारी बजाजनगरला जायला लागल्या.

माझी गिटार म्हणजे माझं पोट. लग्नसराईत ऑर्केस्ट्रा, एरवी शिकवण्या. अकरा वर्षं रोज वाजून तिच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना तारांनी खाचा पाडल्या होत्या, तारा वर उचलल्या गेल्या होत्या आणि भोकाखालचं लाकूड माझ्या नखांनी खरवडून उघडं पडलं होतं. शहरातल्या एका चकचकीत दुकानात नेली, तर तिथल्या इसमानं हातसुद्धा न लावता 'आता नवीनच घ्या' म्हणून सांगितलं. त्याचा मला अजून राग आहे. बाप म्हातारा झाला तर हा नवा घेणार का?

मामांनी ती हातात घेण्याआधी मला अर्धा तास वाजवायला लावलं. गिटारीकडं ते बघतच नव्हते, नजर माझ्या डाव्या हातावर. मग एकदम ओरडले, "गिटार वाजवायलास का म्हैस पिळायलास रे? एवढं दाबत्यात व्हय, गाढवा? पट्ट्या झिजणार न्हाईत तर काय व्हईल!" तोंड असं चालू आणि हात मात्र इतका हलका, की पट्टीवरून फाईल फिरताना ऐकू यायची नाही. तारांखालची हाडाची पट्टी ते म्हशीच्या नळीच्या हाडातून घासून बनवायचे. मामी ते हाड घरात उकळू द्यायच्या नाहीत. मग मामा स्टोव्ह घेऊन अंगणात बसायचे, आणि एक शिवी मला, एक जमलेल्या कुत्र्यांना, असं वाटप चालायचं.

त्यांचा खरा वैरी होता कूलर. आपल्याकडं मे महिन्यात माणसं कूलरपुढं झोपतात, तशी वाद्यंही कूलरपुढं ठेवतात. उन्हानं लाकूड तडकू नये म्हणून. मामांचं डोकं यानं पार फिरायचं. "आरं बैला, लाकूड हाय ते. वल पेतंय, फुगतंय, मान मागं टाकतंय. मग बोंबलत येतेत, तार खरखरायली म्हणून. कूलरपुढं ठिवशील तर माझ्या दारात येऊ नको!" मी मान डोलवायचो आणि घरी येऊन गिटार कूलरपुढंच ठेवायचो. मला गार वाटतं तर तिलाही वाटत असेल, एवढीच माझी अक्कल.

पट्ट्या तिसऱ्यांदा घासून झाल्या तेव्हा मामा म्हणाले, "आता घासाया काय उरलं नाय. समद्या उपटून नव्या बसवाव्या लागतेत." तोवर ते निवृत्त झाले होते. चहाचा कप उचलताना त्यांचा उजवा हात किंचित हलायचा. मी ते पाहिलं होतं. मामांना त्याचं काही वाटत नव्हतं, कारण फाईल हातात आली की हात जागच्या जागी थांबायचा. चार दिवस त्यांनी माझ्या गिटारीवर काम केलं, आणि त्या चार दिवसांत माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. गिटार परत मिळाली तेव्हा ती इतकी मोकळी वाजली, की मी मामांना म्हटलं, पुढच्या आठवड्यात चितेगावजवळ लग्न आहे, ऐकायला याच.

ते आले. नवा शर्ट घालून आले. आम्ही मांडवात तालीम करत होतो, आणि माझ्या पहिल्या तीन पट्ट्यांवर प्रत्येक सूर खरखरत होता. गायिका वैतागली. ऑर्केस्ट्राचे मालक माझ्याकडं बघायला लागले. माझ्या अंगाची आग आग झाली आणि समोर मामा दिसले.

"हात थरथरतो तर काम घेता कशाला, मामा?"

हे मी ओरडून म्हणालो. माइक चालू होता. ढोलकीवाल्याचा हात थांबला, पाट मांडणाऱ्या बायकासुद्धा वळून बघायला लागल्या. मामा जवळ आले. खिशातून गेज काढलं, तारेखाली पातं घातलं, गिटारीच्या मानेवरून नजर टाकली आणि मला हळूच विचारलं, "कूलरपुढं व्हती का रं?"

मी म्हणालो, "नाही."

आठही दिवस ती कूलरपुढं होती. पण सगळ्यांसमोर ते कबूल करायला माझी जीभ वळली नाही. आणि त्या भल्या माणसानं माझ्यावर विश्वास ठेवला. आपल्या उजव्या हाताकडं बघितलं, गेज मिटून खिशात ठेवलं आणि ते मांडवाबाहेर गेले. जेवायलाही थांबले नाहीत.

मी गिटार रागारागानं माळ्यावर टाकली आणि दुसऱ्याची मागून वाजवायला लागलो. मामांकडं फिरकलो नाही. दिवाळीनंतर चांगली थंडी पडली, हवा कोरडी झाली, तेव्हा ती खाली काढली. सहज तारा लावल्या. एकही सूर खरखरत नव्हता. लाकडातली ओल गेली होती, मान आपल्या जागी आली होती आणि मामांची एक म्हणजे एक पट्टी उभी नव्हती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं. मारूनही घेतली.

तसाच बजाजनगरला गेलो. मामा उन्हात बाजेवर बसले होते. मामींनी दारातच सांगितलं, फायली भंगारात दिल्या. मी गिटार मामांच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. कूलर, आठ दिवस, खोटं, सगळं. त्यांनी पट्ट्यांवरून अंगठा फिरवला.

"बरोबर हायेत की," म्हणाले. "त्या दिशी घरी येऊन हाताकडं बघत बसलो बघ. बघत बसलं की हालतोच त्यो. मग थांबलाच नाय."

"मामा, मला शिव्या द्या," मी म्हणालो. "गाढव म्हणा, मुडदा म्हणा, काहीही म्हणा."

ते हसले. इतकं मवाळ हसताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं, आणि मला ते हसू सहन होईना.

"शिव्या कामाला असतेत, लेका. आता काम ऱ्हायलं नाय."

त्यानंतर मामा तीन वर्षं जगले. बाजेवर बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला 'बरं हाय ना' विचारायचे. मी जात राहिलो. एकदा मुद्दाम त्यांच्यासमोर तारा दाबदाबून वाजवल्या, नुसतं 'गाढवा' तरी म्हणतील म्हणून. "छान वाजवतोस," म्हणाले.

शोकसभेतले ते तिघं या तीन वर्षांत शेजारी राहायला आलेले. त्यांनी पाहिले तेवढेच मामा त्यांनी सांगितले; त्यांच्यावर रागावून काय उपयोग. तिसऱ्याचं बोलणं संपल्यावर सभा घेणाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. "तुमची जुनी ओळख होती म्हणे. काही सांगता का त्यांच्याबद्दल?"

मी म्हणालो, "नाही."