घर पाहायची दाळ

घर कसं घ्यावं हे अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकाच माणसाला कळत होतं, आणि तो माणूस जन्मभर भाड्याच्या खोलीत राहिला. हे आमचे मामेसासरे, बायकोचे सख्खे मामा. महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी चिखलीला शाळामास्तर. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलेलं, त्यामुळे दिवाळीच्या आत खोली सोडायची, आणि त्यात बायकोला सातवा महिना. अशा वेळी मामा अमडापुराहून सल्ला द्यायला आले, मग काय विचारता! सकाळी म्हणत, "जवाईबापू, दार उगवतीलेच पायजे." दुपारी तसं घर दाखवावं, तर कपाळाला आठी. "उगवतीचं काऊन घेऊन राह्यले? ऊन थेट आत येते ना!" शेजारी कसा असावा? "भांडखोर. चोर फिरकत नाही." दुसऱ्या दिवशी तेच म्हणणार, "शेजारी गरीब पाहा बाप्पा, भांडखोरापायी आयुष्य जाते." मी घर घेतो आहे की विकतो आहे, हेच मला कळेनासं झालं.

या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांची दाळ. धोतराच्या सोग्याला तुरीच्या दाळीची पुरचुंडी कायम बांधलेली. घर पाहायला गेलं की परसात तीन दगड मांडायचे, तिथल्याच विहिरीचं पाणी शेंदायचं आणि मूठभर दाळ शिजत घालायची. पाणी खारं असेल तर दाळ शिजत नाही, हे खरंच. पण मामांची दाळ कुठेच शिजेना. घरामागून घर नापास! घरमालक आमच्याकडे असे बघत, की आम्ही जेवायलाच आलो आहोत.

शेवटी एक घर बायकोच्या मनात भरलं. बाळंतिणीला वेगळी खोली, परसात लिंबाचं झाड. मालक म्हणाला, "संध्याकाळपर्यंत शब्द द्या, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे." मामांनी चूल मांडली. दुपार कलली तरी दाळ दगडासारखीच. "सोडा हे घर," मामा म्हणाले. मी मान डोलावणार, एवढ्यात बायको कमरेवर हात ठेवून उठली, शेजारणीकडून मूठभर दाळ मागून आणली आणि त्याच पाण्यात घातली. घटकाभरात ती लोण्यासारखी मऊ झाली.

"मामा, तुमची दाळ कधीची आहे हो?"

"अमडापूरचं घर पाह्यलं तवाची. कणगीच्या बुडातली. घर पाहाले एकच माप पायजे, म्हणून जपून ठेवली."

"अहो मामा, इतकी जुनी दाळ कोण्याच पाण्यात शिजत नाही!"

मामांनी सोग्याची पुरचुंडी सोडून उरलेली दाळ तळहातावर घेतली. मग म्हणाले, "कणगीच्या बुडातली म्हणजे तवाही जुनीच होती बाई. ते घरही तिच्यापायीच सोडलं. तुह्या मामीले ते घर लई आवडलं होतं." त्या घरात न जाताच मामी गेल्या होत्या.

"घ्या हे घर," मामा म्हणाले. आम्ही घेतलं.

पुढे दरवर्षी नवी तूर भरडली की मामा दाळ घेऊन येत. वरणभात जेवत, वर तांब्याभर पाणी पीत. "इथंच राहा ना मामा," बायको म्हणे. ते नुसते हसत.

"पाणी गोड आहे बाई," ते म्हणत. "अमडापूरच्या त्या घरच्या विहिरीचं पाणी ओंजळीनं पिऊन तुही मामीही हेच म्हणली होती."