निजामुद्दीन मापाऱ्याचा हरवलेला आकडा

दिनांक ९ फेब्रुवारी १९३८. केनवडच्या बाजारात सीताबाई माळणीची ज्वारी चौसष्ट पायल्या भरली आणि तिच्यापुढे सोळा रुपये ठेवले गेले. ती पैसे घेईना.

"निजामभाई, म्या घरून सदुसट मोजून आनल्या. तीन तुमी गिळल्या का?"

"गिळल्या असत्या तं पोट दिसलं असतं, बाई," मापारी निजामुद्दीन म्हणाला. लोक हसले. त्याचा चेहरा मात्र उतरला होता.

ज्या अडत दुकानात हे माप चाललं होतं, तिथे मी कारकून होतो. मोजणीची रीत ठरलेली होती. पहिल्या पायलीला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचं आणि पुढची पायली पडेपर्यंत तोच आकडा तालात घोळवत राहायचं. वीस वर्षं निजामुद्दीनचा ताल चुकला नव्हता. अलीकडे मात्र तो मध्येच क्षणभर हरवे. डोळे उघडे, हात चालू, आकडा तेवढा थांबलेला. सांडलेले दाणे झाडणारी त्याची बायको कुलसुम तेव्हा हळूच पुढचा आकडा म्हणे आणि तो तिथून उचले. हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी ती तापाने घरी होती.

दुसऱ्या मापाऱ्याने पुन्हा मोजल्या, सदुसष्टच भरल्या.

"कुलसुम असती तं असं झालं नसतं, मालक," निजामुद्दीन बोलून गेला.

"मंग मापारी तू का तुही बायको?" दुकानमालक रंगराव म्हणाले. "उद्या माह्यासमोर शंभर मोज. बायको मधी बोलली, तं माप ठेव अन् घरी जा."

दुसऱ्या दिवशी कुलसुम ताप अंगात घेऊनच ढिगाजवळ बसली. एकेचाळीसपर्यंत ठीक चाललं. मग आवाज थांबला. हात मात्र दोन पायल्या ओतून गेला. कुलसुमने पदर दातांत धरला. तो भानावर आला, "बेचाळीस" म्हणाला, लोकांचे चेहरे पाहिले आणि तिच्याकडे वळला.

"सांग ना वं."

तिने मान खाली घातली. रंगरावांनी त्याच्या हातातली पायली काढून घेतली.

उन्हाळ्यात रिठदला एका विहिरीच्या खोदकामावर तो टोपल्या वाहत होता. तो काठाशी आला तेव्हा मजुरांनी हाका मारल्या, पण तो तसाच चालत राहिला आणि आत पडला. वर काढला तेव्हा संपला होता.

पुढे १९४६ साली अकोल्याच्या एका डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, मेंदूत विजेच्या बारीक लहरी सतत चालू असतात. लक्ष आणि आठवण त्यांच्याच तालावर टिकत असावीत, असं आता मानू लागले आहेत. फेफऱ्याचा एक प्रकार असतो, त्यात तो ताल क्षणभर बिघडतो. माणूस उभा असतो, पण हजर नसतो. त्यात त्याची लबाडी नसते.

त्या एकेचाळीस पायल्यांची मजुरी मालकांनी दिली नाही आणि मीही मागितली नाही. माझ्या हिशेबात कुलसुमचे ते दोन आणे अजून देणे आहेत.