पिवळ्या टोपीतला फोटो

पुण्याजवळच्या पिरंगुटमधल्या आमच्या कंपनीत मोबाईल आत न्यायला मिळायचा तो वर्षातून एकच दिवस, खंडेनवमीला. मशीन धुऊनपुसून त्याला झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा, पेढे वाटायचे. पर्मनंट लोकांची बायकापोरं यायची, आपल्या माणसाचं मशीन बघून जायची. आम्हा कॉन्ट्रॅक्टवाल्यांचं कोण येणार? माझी बायको आणि पोरगी परभणीकडे गावात, आणि मी इथे तिघांच्या खोलीत.

पोरगी रांगत होती तेव्हा मी घर सोडलं. नंतर एकदाच जाऊन आलो, तेही उभ्या उभ्या. त्यामुळे तिच्या लेखी बाप म्हणजे फोनमधून येणारा आवाज. बायको फोन तिच्या कानाला लावायची आणि ही बया तो चाटत बसायची. मला हसू यायचं, पण फोन ठेवल्यावर ताट तसंच बाजूला सारायचो.

पोरगी दोन वर्षांची झाली, त्या खंडेनवमीला आमच्या लाइन लीडरने माझा फोटो काढला. कंपनीचा निळा शर्ट, डोक्यावर कॉन्ट्रॅक्टवाल्यांची पिवळी टोपी, मागे माळ घातलेलं मशीन, आणि मी दात काढून हसतोय. गुरुवारच्या सुट्टीला बाजारातल्या सायबर कॅफेत त्याने मला एका साइटवर खातं उघडून दिलं आणि तो फोटो चढवला. त्या वर्षी ज्याला त्याला त्या साइटचं वेड लागलं होतं. तिकडे तालुक्याला बायकोच्या मावसभावाचं कॅफे होतं. बाजाराच्या दिवशी ती पोरीला घेऊन तिथे जायची आणि तो माझा फोटो पडदाभर मोठा करून दाखवायचा.

असे दोन-चार बाजार झाले आणि पोरगी पडद्यावर हात आपटून "बाबा" म्हणाली. बायकोने फोनवर सांगितलं तेव्हा मी स्टॉपवर उभा होतो. समोर आलेली बस तशीच जाऊ दिली. घरमालकीण मावशींना कौतुकाने सांगायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "मंग लेकराला हितंच आण की. फोटूला बाप म्हणतीय व्हय ती?" आणायचं कुठे, मावशी? सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, पुढचं मिळालं तर मिळालं.

संक्रांतीच्या सुमारास कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरने शिफ्ट सुटल्यावर आम्हाला गेटपाशी थांबवलं. झालं होतं असं, की माझ्या फोटोत मागच्या भिंतीवर एका गिऱ्हाइकाच्या नव्या पार्टचं ड्रॉइंग होतं, अगदी वाचता येईल असं, आणि ते नेमकं त्या गिऱ्हाइकाच्याच माणसाच्या नजरेस पडलं. आता आत काढलेला एकही फोटो नेटवर दिसता कामा नये, नाहीतर गेटपास बंद, असं त्याने बजावलं. लीडरने आमच्यादेखत मोबाईलमधला फोटो पुसून टाकला. दुसऱ्याचं ड्रॉइंग असं चव्हाट्यावर मांडायचं नसतं, हे मलाही कळत होतं. नियमात खोट काढता येईना, म्हणून तर जास्त चीड आली. मी म्हटलं, मागचं सगळं कापतो, एवढा माझा चेहरा राहू द्या, पोरगी बघते हो तो. सुपरवायझर माणूस वाईट नव्हता. खाली बघत म्हणाला, "टोपी-शर्टातलापण नको. तू कंपनीचा नाहीस ना रे."

त्याच संध्याकाळी कॅफेत जाऊन फोटो काढून टाकला. कॉम्प्युटर पुन्हा विचारतो, नक्की काढायचा का म्हणून. त्यालाही एक शिवी हासडली. प्रिंट काढून ठेवावी हे मला किंवा बायकोला कधी सुचलंच नव्हतं. साइटवर आहे म्हणजे आहे, असंच वाटायचं.

पुढच्या गुरुवारी माझ्या खोलीतल्या एकाला घेऊन जवळच्या रिहे गावाला गेलो. कापणी झालेल्या भातखाचरात, लग्नातला शर्ट घालून, केस चापूनचोपून बसवून नवा फोटो काढला आणि चढवला. बाजाराच्या दिवशी बायकोचा फोन आला. पोरगी पडद्याकडे बघून मान हलवत राहिली. हा नाही, टोपीवाले बाबा दाखव म्हणून रडली. मावसभावाने चॉकलेट दिलं, बायकोने परोपरीने समजावलं, पण नाही म्हणजे नाही. हट्टात माझ्यावर गेलीय. खोलीवाला म्हणाला, त्यात काय, तसली टोपी बाजारात मिळते, घाल आणि काढ फोटो. मला नाही जमलं. माझ्या पोरीने मला माझ्या तोंडावरून ओळखावं, एवढंच मला हवं होतं. बायको म्हणाली, जाऊ द्या, चार दिवसांत विसरेल. मला नेमकी तीच धास्ती होती.

पाडव्याला रजा मिळाली. एसटीतून उतरून चालत घरी पोचलो तेव्हा दारात गुढी उभी होती आणि पोरगी आईच्या पदराआड. मी उंबऱ्याबाहेरच उकिडवा बसलो आणि साखरेची गाठी पुढे केली. उचलून घ्यायला हात नुसते शिवशिवत होते, पण घाबरेल म्हणून आवरले. बऱ्याच वेळाने ती आली. गाठी घेतली, माझ्या शेजारी टेकली आणि पाहुण्याजवळ बसावं तशी शहाण्यासारखी बसून कुरतडायला लागली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी बाबांच्या कंपनीतून आलाव का? बाबा कवा येणार?"