आधी काढून घे, मग धू

लीलाक्काने मला एकदा कानाखाली वाजवली होती.

ती बाई आज पहाटे गेली.

आनेकलहून, तिच्या घरून परत येताना बसमध्येच लिहायला घेतलंय. चुका काढू नका. मी सहावीपर्यंत शिकलेली बाई आहे.

नव्वदनंतरची गोष्ट. मी निपाणीहून लग्न होऊन बेंगळूरला आले आणि बसवनगुडीच्या बाजूला एका हॉस्पिटलात कामाला लागले. हार्टची अँजिओ करतात त्या खोलीच्या मागे धुण्याची खोली. तिथे आम्ही दोघी. लीलाक्का जुनी, मी नवी.

काम कॅथेटर धुण्याचं. मांडीतून घालून हार्टपर्यंत नेतात त्या लांब बारीक नळ्या. तेव्हा त्या फॉरेनहून यायच्या, धुऊन परत वापरायच्या. सिरिंजने आत पाणी मारायचं, मग उजेडाकडे धरून बघायचं. ठिपका दिसला की पहिल्यापासून सुरू.

"उद्या तुझ्या बापाच्या अंगात जाणार आहे असं समजून धू," लीलाक्का म्हणायची.

तिच्या घरात मराठी, पण निम्मे शब्द कन्नड. "स्वल्प थांब गं," हे मला दिवसातून पन्नास वेळा. कारण मला थांबता येत नाही. अजून नाही. बस उभी राहायच्या आत मी दारात असते.

एक दिवस नवीन प्रकारची नळी आली.

तिच्या टोकाला छोटी डबी, डबीला खिडकी, आत गरगर फिरणारं पातं. रक्तवाहिनीत साठलेला थर हे पातं कापायचं आणि कापलेला कीस पुढच्या टोकात जमा व्हायचा. नळी बाहेर काढली की कीस पण बाहेर.

हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला फक्त एक घाण झालेली नळी दिसली.

पेशंट एक म्हातारे मास्तर होते. केस झाली, ट्रे आमच्याकडे आला. लीलाक्का म्हणाली, "ह्याला हात लावू नको. मी खालून बाटली घेऊन येते."

पाच मिनिटं झाली. दहा झाली.

मी घेतली नळी, धरली सिंकवर, मारलं पाणी. पांढरे-पिवळे बारीक तुकडे निघाले, कापलेल्या नखासारखे. गेले मोरीत. मला बरं वाटलं. काम उरकलं.

लीलाक्का बाटली घेऊन आली. नळीचं टोक बघितलं. सिंक बघितलं.

"कुठंय?"

"काय?"

"आतलं."

"घाण होती ती. धुतली."

ती स्टुलावर बसलीच. तो कीस डॉक्टरांना तपासायला पाठवायचा होता. आतून बेल वाजायला लागली. बाटली आणा, बाटली आणा.

माझ्या नवऱ्याचं काम सुटलं होतं. चूल माझ्या पगारावर. ही नोकरी गेली की परत निपाणी, परत तंबाखूची वखार.

मी म्हटलं, "अक्का, सकाळच्या पेशंटची गुठळी आहे त्या ट्रेत. तीच घालू. कोणाला कळतंय?"

तेव्हा वाजवली.

"दुसऱ्याचं घालून मास्तरांच्या नावाचा रिपोर्ट करायचा? मग त्यांना औषध कशाचं देणार गं?"

मनगट धरून मला डॉक्टरांसमोर नेलं. मी रडून बेजार. वाटलं, आता ही मला घालवणार.

ती म्हणाली, "सर, हिने धुतलं. हात लावू नको म्हटलं होतं मी. पण का लावू नको, ते सांगितलं नाही. ती चूक माझी. ओरडायचं तर दोघींना ओरडा."

डॉक्टर ओरडले. चांगले ओरडले. इंग्लिशमध्ये ओरडले म्हणून मला निम्मं कळलं नाही, तेवढंच बरं. मग म्हणाले, "बाहेर मास्तरांची बायको बसलीय. काय निघालं ते दाखवतो म्हणून मी कबूल केलंय तिला. आता तुम्हीच जाऊन सांगा."

मास्तरीण डबा मांडीवर घेऊन बसली होती. लीलाक्काने कन्नडमध्ये सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

मास्तरीणबाईंनी विचारलं, "त्यांच्या अंगातून निघालं ना?"

"निघालं."

"सरी, बरं झालं. मग जाऊ दे मोरीत. मी काय देव्हाऱ्यात ठेवणार होते?"

लीलाक्का हसली. मी रडता रडता हसले. नोकरी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तिने मला प्रत्येक गोष्टीचं 'का' सांगितलं. बोअरच्या पाण्याने गिझरच्या पाइपात चुना धरतो ना, तसं रक्तवाहिनीत धरतं. म्हणून हे पातं. म्हणून आधी काढून घे, मग धू. एकदा गेलं की परत येत नाही.

शाळेत मला कोणी 'का' सांगितलं नव्हतं. घरी पण नाही. सगळे नुसतं 'कर' म्हणायचे.

पुढे मी नव्या पोरींना शिकवलं. सगळ्यांना 'का' सांगितलं. कानाखाली कोणाला मारली नाही. मन खूपदा झालं.

आज तिला आंघोळ घालायला बसलो. काल संध्याकाळी माळलेला कनकांबराचा, म्हणजे आपल्या अबोलीचा, गजरा तसाच केसात. तिची मुलगी रडत रडत तांब्या भरून ओतायला निघाली.

मी हात धरला. "स्वल्प थांब गं. आधी तो काढून घे. मग पाणी."

"कशाला मावशी?"

मी का ते सांगितलं.

तिने दोन्ही हातांनी गजरा सोडवला, अक्काच्याच औषधाच्या रिकाम्या बाटलीत घातला, झाकण लावलं. मग आम्ही पाणी घातलं. सावकाश. पहिल्यांदा मला कसली घाई नव्हती.

अक्का, जन्मभर मला थांब म्हणालीस. स्वतः मात्र थांबली नाहीस.

जा सुखाने. तुझ्या धुण्याच्या खोलीतल्या पोरीचा तुला नमस्कार.