समुद्राचा उपास

मला बोट लागते. मच्छीमाराच्या घरात जन्मलेल्या माणसाने हे वाक्य गावात एकदा मोठ्याने म्हणून बघावं. जाळं विणणारी म्हातारी माणसंसुद्धा हातातली सुई खाली ठेवून हसतात.

तारापूरपलीकडचं आमचं गाव मला जिवापाड आवडायचं. सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, ओटीवरच्या गप्पा, भरती-ओहोटीवर चालणारा दिवस, सगळंच. तरी ऐंशीच्या दशकात मी राहायचो कुंभवलीत, भाड्याच्या एका खोलीत, आणि कामाला बोईसरच्या रंगाच्या कारखान्यात. गावात राहायचं तर बोटीवर जायला हवं, आणि बोट खाडीबाहेर पडली रे पडली की माझ्या पोटातलं सगळं बाहेर! शेजारी घाटावरचे. तेही सुट्टी मिळाली की पिशव्या भरून गावी पळायचे. माझं गाव सायकलच्या टप्प्यात होतं, एवढीच माझी चैन.

मग एका पावसाळ्यात बातमी आली. आमच्या बोटीवरचा खलाशी लग्न करून घरजावई झाला आणि डहाणूकडे गेला. नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू होणार, आणि बाबांना माणूस हवा होता. मी खोलीत अक्षरशः उडी मारली. बायकोला म्हटलं, "चल, सामान बांध! आपण गावाला चाललो, कायमचे!"

ती आमच्याच गावची. खिडकीत बोंबील वाळत घातले की शेजारीण नाकाला पदर लावायची, म्हणून तीही कावलेली. पण माझं पोट तिला ठाऊक होतं. "आधी एक खेप मारून या. मंग बांधू सामान," ती म्हणाली.

मी तयारीला लागलो. बोईसर-तारापूर एसटीत मुद्दाम मागच्या सीटवर बसायचो, जिथे प्रत्येक खड्डा टाळूपर्यंत पोचतो. बाजारात आकाशपाळणा आला तेव्हा लहान पोरांच्या रांगेत उभा राहिलो. काही म्हणजे काही झालं नाही! आता समुद्र आपलाच, असं वाटायला लागलं. कारखान्यात साहेबांना सांगूनही टाकलं की पौर्णिमेची सुट्टी घेतोय, परत येईन याची खात्री नाही.

पौर्णिमेला नारळ वाहिला, वाजतगाजत. दुसऱ्या पहाटे आईने तांदळाची भाकरी आणि सुकट पुढ्यात ठेवली. मी तीन भाकऱ्या हाणल्या. बाबांनी नेहमीप्रमाणे पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. हंगामाचे पहिले आठ दिवस ते उपाशीपोटीच बोटीवर जात. हा समुद्राचा उपास, असं आई सांगायची. आम्ही भावंडं त्यांच्याकडे भक्तिभावाने बघायचो. शेजारच्या दोन घरांनी तर बाबांचं बघून तो उपास धरलाही होता.

खाडीतून निघालो तेव्हा मी बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा होतो. वारा तोंडावर, गाव मागे, आणि मी बाबांच्या बोटीवर! इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. मी चक्क आरोळी ठोकली. बाबा सुकाणू धरून उभे होते.

खाडीचं तोंड ओलांडलं. पहिली मोठी लाट खालून गेली, दुसरी गेली. तिसरीला तिन्ही भाकऱ्या आल्या. मग मी बोटीच्या तळात आडवा पडलो. दुसऱ्या खलाशाने माझ्यावर ताडपत्री टाकली आणि तो जाळ्याकडे वळला. संपलं, मला कळलं. आता कुंभवलीची खोली काही सुटत नाही. मला रडू फुटलं, आणि मी ते आवरलंही नाही.

डोळे पुसून वर पाहिलं तर बाबा दुसऱ्या बाजूला वाकले होते. त्यांची पाठ दोनदा गदगदली. त्यांनी ओंजळभर खारं पाणी घेऊन चूळ भरली, तोंड पुसलं आणि जाळ्याची दोरी पुन्हा हातात घेतली.

"बाबा, तुमालापन बोट लागते?"

"दर साली. पयले आठ दिस लय, मंग कमी होते. जात नाय."

"मंग उपास?"

"कसला उपास? पोटात काय नसलं म्हंजे काय पडत नाय. तुझ्या आयेला पोरांना काय तरी सांगायला होवं."

"मंग सोडली का नाय बोट?"

बाबा पहिल्यांदाच हसले. "सोडून जाऊ कुठं? तवा बोईसरला काय होतं? भात नि गवत." मग दोरी ओढता ओढता म्हणाले, "तुला जायला जागा हाय. जा तू."

मी गेलो. साहेबांनी हजेरीपटावर माझं नाव तसंच ठेवलं होतं. खोलीत बायकोने सामान बांधलेलंच नव्हतं. गावाची ओढ तसूभर कमी झाली नाही, पुढेही दर सुट्टीला सायकल हाणत गेलो. पण बाबांना बोटीवर तसं वाकलेलं बघितल्यावर, गाव आवडतं म्हणून मिरवायचं मात्र मी बंद केलं.

कारखान्यात होतो तोवर, दर नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ताट घेतलं नाही. कोणी विचारलंच तर सांगायचो, उपास आहे, समुद्राचा.