सबब, घरी यायचे आहे

माझे वडील मोरा बंदरावरच्या एका कचेरीत कारकून होते. पनवेलहून मोरा म्हणजे काही परदेश नव्हे, पण तेव्हाची वाट आणि कामाच्या वेळा अशा, की ते शनिवारी रात्री घरी यायचे आणि सोमवारी उजाडायच्या आत निघायचे. पनवेलला बदली मिळावी म्हणून ते दरवर्षी इंग्रजीत अर्ज करत, आणि दरवर्षी तो नामंजूर होई.

अर्जाचा मसुदा रविवारी दुपारी व्हायचा. मी हायस्कुलात इंग्रजी शिकत होते. तेवढ्या भांडवलावर मी बाबांच्या शेजारी बसून नाक खुपसायची. वाक्यं जोडायला मी 'सो' आणि 'बट' सुचवायची. बाबा तिथं 'देअरफोर' आणि 'हाउएव्हर' घालायचे. त्यांच्या मते 'सो' म्हणजे घरातला पंचा, तो नेसून साहेबापुढे उभं राहायचं नसतं. आई भाजी निवडत ऐकायची. तिला ते मराठी करून सांगत, तेही कचेरीच्या मराठीत, 'सबब' आणि 'तथापि' घालून. एकदा ती वैतागून म्हणाली, "म्हणजे तुम्हाला घरी यायचंय, एवढंच ना? मग तेवढंच लिहा की."

मॅट्रिकच्या वर्षी मी हट्टच धरला, या खेपेचा अर्ज मी लिहिणार. मी लिहिलं, की आई एकटीच संसार ओढते, आणि मला संध्याकाळी बाबा घरात हवे असतात, सो त्यांना घरी पाठवा. बाबांनी कागद दोनदा वाचला. मला वाटलं, आता हसतील आणि चुका काढतील. ते हळूच म्हणाले, "हे खरं आहे, बाळ. म्हणून तर साहेबाकडे पाठवता येत नाही."

मग नवा कागद घेऊन त्यांनी नेहमीसारखा अर्ज लिहिला, मोरओव्हर, देअरफोर, सगळं जागच्या जागी. मला इतका राग आला की मी रात्री जेवले नाही. उत्तरही नेहमीचंच आलं.

बाबा घरी आले ते निवृत्त होऊनच. मी तोवर लग्न होऊन नागपूरला गेले होते. दिवेलागणीला ते ओटीवर बसलेले असतात, असं आई कळवायची, आणि वाचताना वाटायचं, आत्ता उठावं आणि जाऊन त्यांच्याशेजारी बसावं. जाणं व्हायचं ते मे महिन्यात, तेही चार दिवस. मला लहानपणी हव्या होत्या त्या सगळ्या संध्याकाळी बाबा आता घरात होते. मी तिथं नव्हते.