भाचीच्या लग्नाचे फोटो

आमचं ऑफिस नव्या रायपुरात हललं, तेव्हा येण्याजाण्याच्या बसमध्ये तिची ओळख झाली. ती आमच्याच मजल्यावर दुसऱ्या शाखेत होती, माहेर अमरावतीकडचं. दिवसभर हिंदीत बोलून झालं की तिच्याशेजारी बसून मराठीत गप्पा मारायला बरं वाटायचं. सासूच्या आजारपणात मी रडले, तेही तिच्याजवळच.

एका दुपारी ती पेन ड्राइव्ह घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"भाचीच्या लग्नाचे फोटो आहेत. लाव न तुझ्या कंप्युटरले."

"तुझ्यावर काहून नाही पाहत?"

"माझा लय स्लो चालून राहिला."

मी लावला. फोल्डरच्या चित्रावर कोपऱ्यात एक छोटा बाण होता. क्लिक केल्यावर काळी चौकट क्षणभर चमकली आणि फोटो उघडले. नवरदेवाचा टोप पाहून आम्ही दोघी खूप हसलो.

ती गेल्यावर विधानसभेच्या प्रश्नांची उत्तरं घ्यायला मी माझा पेन ड्राइव्ह लावला. माझ्याही प्रत्येक फोल्डरवर तोच बाण! शाखेच्या सामायिक फोल्डरमध्येही तेच, आणि सुट्या फायली तर दिसेचनात. मी नेटवर्कची वायर उपसली, सगळ्यांना ओरडून सांगितलं, "कोई पेन ड्राइव मत लगाना!" आणि कंप्युटरच्या इंजिनियरला बोलावलं.

गडबड ऐकून साहेब आले. ती पण आली. साहेबांनी विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं. ते तिच्याकडे वळले.

"नहीं सर, मैंने तो कुछ नहीं दिया."

ती जराही अडखळली नाही.

सगळे पांगल्यावर इंजिनियर हळूच म्हणाला, "उन दीदी को मैंने पिछले हफ्ते ही बोला था, इसमें वायरस है, कहीं मत लगाना."

फायली पुसल्या गेल्या नव्हत्या, व्हायरसनं लपवल्या होत्या. त्यानं अँटीव्हायरस चालवून त्या परत आणल्या. काही मात्र उघडल्याच नाहीत, त्या मी पुन्हा टाइप केल्या. लेखी स्पष्टीकरण माझ्याकडून घेतलं गेलं. त्यात मी तिचं नाव लिहिलं नाही. मोठ्या मनानं नव्हे. आपण इतके सहज फसलो, हे कागदावर यायला नको होतं.

संध्याकाळी बसमध्ये मी विचारलं, "तुले माहीत होतं न?"

"माझ्यावर उघडूनच नव्हते राहिले. मले वाटलं, तुझ्यावर उघडतील."

"अन् साहेबांसमोर?"

"माझं प्रमोशन अडकून आहे न गं. तुले कोण काय म्हणते? तुले तर सगळे चांगलंच म्हणतात."

हे ती समजूत घातल्यासारखं म्हणाली. ती खोटं बोलली, त्यापेक्षा हे जास्त लागलं. तिनं माझा चांगुलपणा आधीच हिशेबात धरला होता.

त्यानंतर ती कधी दिसली की मी कामापुरतं बोलायची. तिला वाटत राहिलं, मी फायलींसाठी रुसले आहे. "आल्या न सगळ्या परत?" असं ती एकदा म्हणालीसुद्धा. मी हो म्हटलं.